रिकामी तक्रारपेटी आणि कुमुदताई

आमच्या शाळेत मुलं एका खोलीसमोरून बूट हातात घेऊन चालायची.

तसं करायला त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्या खोलीत काय चाललंय ते ज्यांनी ओळखलं, त्या आमच्या हेडमिस्ट्रेस कुमुदताई आज पहाटे गेल्या.

आठ-नऊ वर्षांपूर्वी दोन शाळा मर्ज झाल्या होत्या. बिर्लानगरची शाळा बंद करून मुलं आणि स्टाफ आमच्याकडे थाटीपूरला आणले. त्यांच्यासोबत संगीताचे सर आले. इथल्या आपल्याच मराठी समाजातले, गणपतीत गाणारे, सगळ्यांचे लाडके.

व्हरांड्याच्या टोकाची खोली त्यांना मिळाली. भर दुपारी दार बंद असायचं. आत तंबोऱ्याचं मशीन एकसारखं वाजत राहायचं.

गाणं मात्र ऐकू यायचं नाही.

बिर्लानगरची मुलं तिथे आली की बूट काढायची, बोलणं थांबवायची. हळूहळू आमचीही तसंच करू लागली. स्टाफरूममध्ये सगळे खूश. मुलं विद्येचा मान ठेवतात म्हणे.

त्याच वर्षी बालसुरक्षेसाठी शाळांचा सन्मान होणार होता. पाहणीला आलेल्यांनी आमची तक्रारपेटी उघडली. एक चिठ्ठी नाही. झालं, सन्मान आम्हालाच जाहीर.

पेढे वाटले गेले. ताईंनी खाल्ला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाल्या,

"नीता, एवढी मुलं, आणि एकालाही शिकायत नाही? मला तर डर लागतोय गं."

सर रजेवर गेले तशा ताई मधल्या सुट्टीत त्या खोलीत जाऊन बसू लागल्या. दार सताड उघडं, मशीन बंद. मुलं लांबूनच बघायची.

मग एक दिवस पाचवीतली एक मुलगी उंबऱ्याशी आली.

"मैडम, सर तो नहीं हैं ना?"

"नहीं बेटा. और अब आएँगे भी नहीं."

ती आत आली. काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही. बूट मात्र सरांना चाहूल लागू नये म्हणून निघायचे, एवढं कळलं.

तिच्या आईला घेऊन ताई त्याच दिवशी पोलिसांत गेल्या.

समाजातली मंडळी ताईंच्या घरी आली. "ताई, घरातली बात आहे. आधी सन्मान होऊन जाऊ द्या."

"कशाचा सन्मान घेऊ? मुलं गप्प बसली त्याचा?"

ताईंनी सन्मान नाकारला. सरांना अटक झाली. आणि बायकांनी ताईंना हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. मला त्याचा अजून राग येतो.

आज मुक्तिधामात, ताईंच्या अंत्यसंस्काराला, माणसं मोजकीच होती. ती मुलगी आली होती, आता कॉलेजात आहे. रडत रडत ताईंबद्दल सारखी बोलत होती.

एक काका म्हणाले, "बेटा, इथे जरा चुप राहावं."

मी म्हटलं, "काका, बोलू दे तिला."

कुमुदताई, तुम्हाला शेवटचा नमस्कार.