आमचा थर्माकोलचा राजहंस

आम्ही तिघी अमरावतीच्या एकाच कॉलेजातल्या, आता पन्नाशी ओलांडलेल्या. एक भूगोलाची मास्तरीण, नोकरी सुटल्यापासून पक्ष्यांच्या मागं लागलेली. दुसरी अकोल्याला दिलेली. तिच्या सासरी फुलांचा धंदा, लग्नाचे स्टेजही तेच सजवतात. तिसरी मी, शाळेत चित्रकला शिकवणारी.

मागच्या हिवाळ्यात भूगोलवालीनं आम्हाला पट्टकादंब दाखवायला नेलं होतं. हिमालयापलीकडून येणारे राखी राजहंस, डोक्यामागं दोन काळे पट्टे. हंस काही आले नाहीत, पण दोष आला आमच्या चिवड्यावर. "यांनी पुडी वाजवली म्हणून पाखरं उतरली नाई," हे तिनं वर्षभर भेटेल त्याला सांगितलं.

म्हणून या जानेवारीत अकोलेवाली आली तीच डिक्कीत थर्माकोलचा हंस घालून. लग्नाच्या स्टेजवरचा, लांब मानेचा, तोऱ्यातला.

"याले रंग तू दे," ती म्हणाली, "बाकीचं माह्यावर सोड."

मी गच्चीत बसून त्याची मान आखूड केली, अंगाला राखी रंग दिला, डोक्यावर दोन पट्टे ओढले. खरं सांगते, इतकं मन लावून मी शाळेच्या प्रदर्शनासाठीही कधी काम केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भातकुलीच्या पुढच्या एका तळ्यावर पोचलो. भूगोलवाली तळ्याच्या बांधावर दुर्बीण लावण्यात गुंतली. "आमी जरा आडोशाले जाऊन येतो," असं सांगून आम्ही दोघी ओढणीत गुंडाळलेला हंस घेऊन गवतामागून पाण्यात उतरलो. चिखल असा गार, की पोटऱ्यांत कळा आल्या. काठी रोवली, तिच्यावर हंस बसवला. हसू दाबता दाबता अकोलेवालीला उचकी लागली.

परत येऊन साळसूद चेहऱ्यानं बसलो. पाचच मिनिटांत भूगोलवालीनं माझा दंड घट्ट पकडला.

"हालू नका! एक हाय."

"एकटाच काहून वं?" मी विचारलं.

"पहारेकरी असते एखादा. बाकीचे मागून येतात. पाय ना, कसा स्थिर हाय!"

"लयच स्थिर हाय," अकोलेवाली म्हणाली आणि तिनं तोंडात पदर कोंबला.

तेवढ्यात पलीकडच्या हरभऱ्याच्या वावरावरून घोगरा कलकलाट आला. सात खरेखुरे राजहंस तळ्यावर एक फेरी मारून सरळ आमच्या थर्माकोलाशेजारी उतरले. आम्ही दोघी थिजलोच. भूगोलवालीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"किती वर्षं वाट पायली मी याची," ती पुटपुटली.

"सांगून टाकू का?" मी अकोलेवालीच्या कानात म्हणाले.

"चूप राय! आता सांगशील तं इथंच गाडीन तुले."

पण सांगायची वेळच आली नाही. मी वापरला होता शाळेतला पोस्टर कलर. पाण्यात तो उतरणार, एवढं चित्रकलेच्या मास्तरणीला सुचू नये! हंसांनी उडवलेल्या पाण्यानं राखी रंग ओघळू लागला आणि पंखावर खालची पक्क्या रंगातली लाल अक्षरं उघडी पडली. भूगोलवाली दुर्बिणीला डोळा लावून बसली होती. तिनं भिंग फिरवून चित्र आणखी स्पष्ट केलं. मग डोळा न काढताच म्हणाली,

"याच्या पंखावर शुभविवाह लिहिलं हाय."

अकोलेवालीची उचकी परत सुरू झाली.

"नवरदेव कुठला म्हणायचा? अकोल्याचा का?"

शिक्षा तिनं तिथंच सुनावली. थर्माकोल तळ्यात राहता कामा नये, तो आम्हीच काढायचा. पण हंस आपल्या मनानं उडेपर्यंत पाण्यात पाय टाकायचा नाही. बोलायचं नाही. खायचंही नाही.

दुपारपर्यंत बसलो. सुरुवातीला रागानं, मग कधी रमलो ते कळलं नाही. चौघं पाठीत चोच खुपसून झोपले, दोघं अंग धूत राहिले, आणि एक खरंच मान ताठ करून पहारा देत होता. आपला डाव उलटल्याचं मला त्या घटकेला जराही वाईट वाटलं नाही.

हंस उडाले तशा आम्ही उतरलो. अकोलेवाली घसरून चिखलात मांडी घालूनच बसली. काठावरून भूगोलवाली मोबाइलवर चित्रण करत होती, वर सूचनाही देत होती, "जरा डावीकडं सरक, ऊन येऊन राहिलं."

मग शेजारच्या वावरातल्या बाईनं ओला हरभरा दिला. काड्या पेटवून आम्ही हुळा भाजला, काळ्या बोटांनी दाणे सोलून खाल्ले आणि बाभळीखाली आडव्या झालो. भूगोलवाली खदखदून हसली ती तेव्हा. हसता हसताच तिनं आमचा व्हिडिओ कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं: "दोन स्थानिक जाती. आवाज कर्कश. चिखलात आढळतात."