चार काट्यांची जीप

माझ्या लेकानं परवा टर्बो इंजिनची नवी गाडी घेतली अन् मला विचारलं, आई, इंजिनचं तापमान, तेलाचं प्रेशर दाखवणारे वेगळे मीटर बसवून घेऊ का, कंपनीनं नुसता एक लाल दिवा दिला आहे. मी म्हटलं, खुशाल बसव, पण मग त्या गाडीत मला बसवू नको. तो हसला. त्याला वाटलं म्हातारी उगाच फणफणते. त्याला काय डोंबल माहीत!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून नुकताच वेगळा झाला होता. माझे बाबा माजरीच्या कोळसा खाणीत, पंपघरात कामाला होते. खाणीत झिरपणारं पाणी उपसायचे मोठे पंप, अन् त्यांच्यावरचे मीटर. दर अर्ध्या तासाला काटा बघायचा, आकडा लिहायचा, काटा लाल रेघेला टेकला की पंप बंद. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? ज्याले काटा नाई त्याचा भरवसा नाई, असं ते म्हणत. आईला ताप आला तर कपाळाला हात लावायचे नाहीत, थर्मामीटर शोधायचे. अन् तो सापडेपर्यंत आई आजारी नाही असं धरून चालायचे.

त्यांनी लिलावात एक जुनी डिझेल जीप घेतली. आमच्या घराण्यात चारचाकी घेणारे ते पहिलेच. विहारासमोर जीप उभी केली, त्रिशरण-पंचशील झालं, सगळ्या मोहल्ल्यात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी बाबांनी आत नीट डोकं घातलं, तर एकही मीटर चालू नाही. ते तसेच घरात आले अन् जेवले नाहीत.

मग भद्रावतीच्या भंगारवाल्याकडून चार मीटर आले. एक पाण्याच्या तापमानाचा, एक तेलाच्या प्रेशरचा, एक बॅटरीचा. चौथा कशाचा होता ते भंगारवाल्यालाही ठाऊक नव्हतं. पण बाबांनी पत्र्याला आधीच चार भोकं पाडली होती. भोक रिकामं ठेवलं तर धूळ शिरते म्हणून चौथाही बसवला. त्याला ना वायर, ना नळी. त्याचा काटा सहावर होता अन् सहावरच राहिला.

पंपघराची शिस्त अशी की एका माणसानं एकच काटा बघायचा. बॅटरी बाबांकडे, तेल आईकडे, पाणी माझ्याकडे. राहिली आत्याबाई, म्हणजे बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहायची. तिला काम दिलं नाही तर चार दिवस बोलली नसती. म्हणून चौथा काटा तिला. आम्ही तिघी बायका पुढच्या सीटवर चेंगरून बसायचो अन् मागची सगळी जीप रिकामी, कारण मागून काटे दिसत नाहीत. दर पाचव्या किलोमीटरच्या दगडाला बाबा म्हणायचे, रीडिंग. आई तोंडाला पदर लावून म्हणायची, तेल चाळीस. तिला गाडी लागायची, पण काटा तिनं कधी सोडला नाही. मी म्हणायची, पाणी सत्तर. अन् सगळ्यात शेवटी, खाकरून, कलेक्टरीणबाईंच्या थाटात आत्याबाई म्हणायची, सहा.

एकदा मार्कंड्याच्या जत्रेला गेलो तर वाटेतल्या नाक्यावरच्या शिपायानं आत वाकून ते चार मीटर पाहिले अन् बाबांना सलाम ठोकला. बाबांनीही तो घेतला. घरी येईपर्यंत ते ताठ बसून नुसते रीडिंग घेत होते.

त्याच वर्षी मला मुलाखतीचं पत्र आलं. शिक्षिकेची जागा, मुलाखत गडचिरोलीला. बारा वाजेपर्यंत हजर असेल त्याचंच नाव पुकारणार, असं पत्रात लिहिलं होतं. पुढच्या वर्षी माझं वय उलटणार होतं, म्हणजे ही शेवटची संधी. अन् आत्याबाईनं तिकडे ब्रह्मपुरीकडचं एक स्थळ धरून ठेवलं होतं, नोकरी नाही लागली तर उन्हाळ्यात बार उडवायचा म्हणून. मुलगा काही वाईट नव्हता. पण मला मास्तरीण व्हायचं होतं, लहानपणापासून, दुसरं काहीच नाही.

मी म्हटलं एस.टी.नं जाते. बाबांनी ऐकलं नाही. माझी पोरगी मुलाखतीले बापाच्या गाडीतून जाईल, म्हणाले. सकाळी सहाला निघालो, चौघंही. कारण काटे चार.

चंद्रपूर सोडलं, मूल गावाच्या अलीकडचं सागाचं रान लागलं. बाबा म्हणाले रीडिंग. तेल चाळीस, पाणी सत्तर. मग आत्याबाई खाकरली अन् म्हणाली, आठ.

बाबांनी कचकन ब्रेक मारला.

सांगते, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जो मीटर कशालाच जोडलेला नाही, त्याचा काटा सहाचा आठवर गेला म्हणून माझे बाबा बॉनेट उघडून उभे राहिले. खड्ड्यात गाडी आदळली, काटा हलला, संपलं! पण नाही. त्यांनी तेल बघितलं, पाणी बघितलं, गाडीखाली जाऊन झोपले. आई म्हणाली, अवो, तो लागलेला नाई ना कुठी. बाबा गाडीखालूनच म्हणाले, लागला नाई म्हणून का त्याले काई समजत नाई? एक सायकलवाला थांबला. तो उंटावरचा शहाणा म्हणाला की हवेचा दाब वाढला असेल. बाबांना ते पटलं. चारही चाकांची हवा तपासली. आत्याबाई बिचारी हात जोडून सगळ्यांना सांगत होती की मी काई केलं नाई, मी नुसतं पाहून राह्यली होती. सव्वा तास गेला. शेवटी बाबांनी काचेवर टिचकी मारली, काटा खाली सहावर आला, तेव्हा आम्ही निघालो.

मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. घड्याळाकडे बघवत नव्हतं.

सावली गाव सोडलं तेव्हा सव्वाअकरा झाले होते. अन् तिथून माझा काटा चढायला लागला. हा मात्र जोडलेला काटा होता. ऐंशी. मग नव्वद. लाल रेघ पंच्याण्णवला. मी पंच्याण्णव म्हटलं असतं की गाडी उभी, इंजिन बंद, एक तास थंड होऊ द्यायचं, मग झाकण उघडायचं, मग पाणी. हा पंपघराचा कायदा होता, त्यात माफी नाही. पुढचा दगड आला तेव्हा काटा त्या रेघेला टेकला होता.

रीडिंग, बाबा म्हणाले. आई म्हणाली, तेल चाळीस.

मी म्हटलं, पाणी सत्तर.

आयुष्यात बाबांशी खोटं बोलले ते पहिल्यांदा. आईनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या काट्याकडे पाहिलं, अन् पदर पुन्हा तोंडाला लावला. आत्याबाईही वाकली. तिनं लाल रेघ पाहिली, तोंड उघडलं. आता ही सांगणार, मला वाटलं. तिच्या हातात तर आयतं कोलीत आलं होतं, उन्हाळ्यातलं लग्न पक्कं. तिनं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग खाकरली अन् म्हणाली, सहा.

व्याहाड गावी बाबांनी विचारलं, पाणी सत्तर. पुढे पुन्हा विचारलं, सत्तर. वैनगंगेच्या पुलावर तर काटा पार शेवटच्या खिळ्याला जाऊन टेकला होता, त्याच्यापुढे जायला जागाच नव्हती, अन् मी सत्तरच म्हणत होते. जीप धापा टाकत होती. बाबा एरवी चाळीसच्या वर कधी चालवायचे नाहीत. त्या दिवशी पूल ओलांडल्यावर त्यांनी पाय आणखी दाबला.

कचेरीच्या फाटकाशी बारा वाजायला दहा मिनिटं होती. मी पळत आत गेले. माझं नाव पुकारलं, बसले, विचारलं त्याची उत्तरं दिली. पावसाचं पाणी कसं मोजतात, असं एका साहेबांनी विचारलं. मी एवढं नीट सांगितलं की ते म्हणाले, घरी कोणाला मोजमापाचा नाद आहे का? मी म्हटलं, आहे थोडा.

बाहेर आले तर कडुनिंबाखाली जीप उभी, बॉनेट उघडं, अन् आतून वाफ अन् जळक्या तेलाचा धूर. आत्याबाई पदरानं इंजिनला वारा घालत होती. बाबा बुंध्याशी बसले होते. फाटकात आल्या आल्या इंजिन जाम झालं होतं, चावी फिरवली तर हूं की चूं नाही. मी त्यांच्यापुढे उभी राहिले अन् सांगून टाकलं की बाबा, मी खोटं बोलली, काटा सावलीपासून लाल होता.

बाबा म्हणाले, "मालूम हाय. व्याहाडपासून वास येऊन राह्यला होता. वीस वर्ष पंपाजवळ बसलो, मले का नाक नाई?"

"मंग थांबवली काऊन नाई?"

"थांबवली असती त गाडी वाचली असती. मंग काय केलं असतं तिचं? तुले तिच्यात बसवून सासरी धाडलं असतं?"

मी तिथेच, कचेरीसमोर, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत ढसाढसा रडले. आत्याबाई वारा घालायची थांबली नाही. आईनं डबा उघडला अन् सगळ्यांना भाकरी दिली.

इंजिन पुन्हा कधी चालू झालं नाही. जीप तिथल्याच एका भंगारवाल्याला दिली, मीटरांसकट. माझी ऑर्डर पावसाळ्यात आली, कुरखेड्याजवळच्या शाळेची. बाबा रजा टाकून मला पोचवायला निघाले. गडचिरोलीला एस.टी. बदलली तर गर्दीत जागा एकच मिळाली. मी म्हटलं बाबा तुम्ही बसा, रात्रपाळी करून आले. त्यांनी माझी पेटी वर टाकली, सीट रुमालानं पुसली अन् म्हणाले, "बसा, बाई."

अन् कुरखेड्यापर्यंत ते उभे होते.