खिडकीतून टाकलेली दस्ती

एसटी फलाटाला लागता लागता खिडकीतून दस्ती, म्हणजे हातरुमाल, आत टाकायची, की ती सीट आपली. आमच्या मराठवाड्यात याला कुणी आडदांडपणा म्हणत नाही, हुशारी म्हणतात. मी जन्मभर हुशार होतो. आता त्या हुशारीची मला शिसारी येते.

गेल्या उन्हाळ्यात मी नांदेडहून उदगीरला निघालो होतो. अर्ध्या उघड्या काचेतून दस्ती आत सोडली आणि निवांत उसाचा रस पिऊन आलो. चढून पाहतो तर माझ्या सीटवर एक वाळलेला माणूस बसलेला, शेजारी त्याची बायको उभी. माझी दस्ती तिनं नीट घडी करून हातात धरली होती.

"मामा, ही तुमची का? ह्यांना बसू द्या की. आजच सुट्टी झाली दवाखान्यातून. लघवीची नळी हाय. जळकोटला उतरायचंय."

त्याच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि सदऱ्याखालून आलेली नळी तिच्यात गेली होती. मला ते दिसलं होतं. दिसलं नाही असं म्हणायची सोय मी ठेवत नाही.

"दस्ती दिसली व्हती ना? मग बसलाच कसे?"

मागून कुणीतरी बोललं, "तिकीट अर्धं अन् सीट पुरी पायजे बायांना!" गाडी हसली. मीही हसलो. पंचाहत्तरी उलटल्यापासून माझा स्वतःचा प्रवास फुकट आहे, हे तेव्हा मनातही आलं नाही.

तिनं कंडक्टरकडे पाहिलं. "ज्याची दस्ती त्याची सीट. मला मधात घेऊ नका, मावशी," तो म्हणाला.

तो माणूस उठला. गाडीभर बसलेल्यांतलं दुसरं कुणी उठलं नाही. सगळ्यांना एकदम खिडकीबाहेर काहीतरी दिसायला लागलं.

कंधार मागे पडलं तसा तो वाकायला लागला. शेवटी बायकोनं त्याला सीटांच्या मधल्या वाटेत, माझ्या पायाशी, खाली बसवलं. ती पिशवी माझ्या चपलेला लागेल म्हणून मी पाय आत ओढले. किळस आली होती मला. त्याच्या लघवीची.

"लई उपकार झाले, मामा." तिला वाटलं, मी जागा करून दिली.

"हाव, बसू द्या," मी म्हणालो.

जळकोटपर्यंत प्रत्येक खड्ड्याला तो एका हातानं पिशवी आणि दुसऱ्या हातानं ओटीपोट दाबून धरत होता. मी झोपेचं सोंग घेतलं.

घरी आल्यावर मी सांगितलं की एका आजारी माणसाला जागा दिली. सुनेनं ते गल्लीभर केलं. परवा जेवताना ती नातवाला म्हणाली, "आजोबांसारखं वागावं माणसानं." मी हातातला घास ताटात ठेवला. सगळ्यांसमोर बोलून टाकलं: त्याला मी बसवलं नव्हतं, उठवलं होतं. तो खाली फरशीवर बसून गेला.

माझी बायको म्हणाली, "असू द्या हो. सीट तर तुमचीच व्हती की."

सुनेनं मान डोलावली आणि मला वरण वाढलं.