वहीतलं पावणं

आमच्या तालमीच्या वरच्या हॉलमध्ये अकरा फोटो लागले आहेत. डावीकडून तिसरा माझा. फोटोतला मी पंचविशीतला, डोक्यावर भरपूर केस, छाती पुढं काढून उभा. त्या फोटोकडे मी बघत नाही. खरं तर तो लागल्यापासून हॉलचा जिना चढायचंच टाळतो आणि कुणी विचारलं तर गुडघ्यावर ढकलतो. गुडघा दुखतो हे खरं आहे, पण त्याचा या गोष्टीशी काहीही संबंध नाही.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं, की आमच्याकडे तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. पेठेतल्या तालमीचा फुटबॉलचा संघ असतो आणि शेजारच्या पेठेशी सामना असला की घरातलं लग्नकार्यही पुढं ढकललं जातं. माझे वडील या तालमीत मातीत घुमले, मी चेंडूमागे पळालो. आता त्या मातीवर फरशी घातली आहे. वरचा हॉल नवा झाला तेव्हा एक लांबलचक भिंत कोरी राहिली. तिच्यावर जुन्या खेळाडूंचे फोटो लावावेत असं कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि तिला ‘मानाची भिंत’ म्हणायचंही लगेच ठरून गेलं.

फोटो कुणाचे लावायचे, ते ठरवायला तिघं नेमले. तालमीचे अध्यक्ष, आम्हाला शिकवलेले आणि आता ऐंशीकडे झुकलेले खेळाचे सर, आणि मी. मला घेतलं ते वहीमुळं. मी खेळत होतो त्या सगळ्या वर्षांत प्रत्येक सामन्यात कोण कोण उतरलं, गोल कुणी केला, हे मी लाल बांधणीच्या वह्यांत लिहून ठेवत असे. माझं अक्षर चांगलं, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं. बाकी सगळे कागद महापुराच्या पाण्यात भिजून लगदा झाले. माझ्या वह्या माळ्यावर होत्या, त्या तेवढ्या वाचल्या.

आठवड्याभरात नावांचा पाऊस पडला. कुणाचे आजोबा, कुणाचे साडू, कुणाचा सासरा. एकानं ज्या माणसाचं नाव दिलं, तो सरांच्या आठवणीप्रमाणे मध्यंतराला लिंबाचं ताट फिरवायचा. मला राग आवरेना. सगळ्यांनाच लावायचं असेल तर मतदार यादीच चिकटवा की भिंतीवर, असं मी बैठकीत म्हणालो. मग मीच नियम मांडले. फोटो अकराच. किमान शंभर सामने खेळलेले हवेत. आणि ते वहीत लिहिलेले हवेत. ‘आठवणीवर एकही नाव घेतलं जाणार नाही’ हे वाक्य माझं आहे, ते इतिवृत्तात तसंच्या तसं आहे.

सर म्हणाले, एवढं कडक कशाला? मी म्हणालो, ढिलं केलं तर त्या भिंतीला काय किंमत राहील? आजही मला तसंच वाटतं, आणि तिथंच माझं सगळं अडलेलं आहे.

अध्यक्षांच्या चुलत्यांचे चार सामने कमी भरले. मी ते सर्वांसमोर वाचून दाखवलं. चुलते उठून निघून गेले आणि अध्यक्ष मान खाली घालून बसून राहिले. त्या दिवशी मी घरी जाताना ताठ मानेनं गेलो. पेठेत पहिल्यांदाच कुणीतरी वशिल्याला नाही म्हणतंय, आणि तो माणूस मी आहे, असं मला वाटत होतं.

त्यानंतर पावण्याचा नंबर आला.

पावणं हा आमचा फुलबॅक. मूळचा गारगोटीकडचा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत लागला आणि आमच्या पेठेत खोली घेऊन राहिला. पहिल्या दिवशी तो मैदानाच्या कडेला गप्प उभा होता, पायात कंपनीचे जड बूट. आमच्याकडे अनोळखी माणसाला पावणंच म्हणतात. चेंडू त्याच्याकडे गेला आणि मी ओरडलो, ‘ओ पावणं, पास द्या की!’ त्यानं असा चेंडू मारला की तो तीस हातांवरून नेमका माझ्या छातीवर आला. सगळे हसले, तोही हसला. तेव्हापासून तो पावणं झाला तो झालाच.

आम्ही सगळे एकमेकांना अरे-तुरे करणारे, मर्दा म्हणणारे, आईबापाचा उद्धार करणारे. त्याला मात्र अहो-जाहो. ‘पावणं, जरा मागं सरा.’ ‘पावणं, आज लंगडताय जणू.’ ही सगळी गंमत होती, मानाचा त्यात काही संबंध नव्हता. तो मात्र आम्हाला पहिल्यापासून तू म्हणायचा. त्याची लग्नपत्रिका तालमीच्या फळ्यावर लागली तेव्हा हे कुणाचं लग्न, असं आम्ही एकमेकांना विचारत होतो. वराचं नाव वाचून कुणालाच उमगेना. शेवटी खाली गारगोटीचा पत्ता बघून सर म्हणाले, अरे, हे आपलं पावणं. किती हसलो होतो त्या दिवशी.

पहिल्या पाळीवरून सुटून तो कागलहून मिळेल त्या गाडीनं यायचा आणि रिक्षातच कपडे बदलायचा. हातापायांवर ठिणग्यांचे डाग, कानात काळी राख. त्याच्या अंगावरून चेंडू घेऊन गेलेली माणसं मी बोटांवर मोजून दाखवीन. शेजारच्या पेठेविरुद्धच्या एका सामन्यात डोकं फुटलं, फेट्यासारखी पट्टी बांधून तो शेवटपर्यंत खेळला आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर गेला. मी जे काही गोल केले, त्यातले निम्मे त्यानं मागं उभं राहून मला निवांत ठेवलं म्हणून झाले. हे मी त्याला कधी बोललो नाही.

तर नंबर आला, आणि मी वही उघडली.

त्याचं खरं नाव मला त्या सगळ्या वह्यांत तीनदा सापडलं. बाकी सगळीकडे माझ्या त्या चांगल्या अक्षरात ‘पावणं’. कधी ‘पावणं फुलबॅक’, कधी ‘पावणं, डोक्याला टाके’. एवढंच असतं तर निभावलं असतं. पण माणसं कमी पडली की त्या काळी आम्ही बाहेरगावचा एखादा खेळाडू एका सामन्यापुरता उतरवायचो. वारणानगरचा कुणी, सीमेकडचा कुणी. त्यांची नावं कोण लिहीत बसतंय? त्यांनाही मी ‘पावणं’ असंच लिहिलं होतं. एका पानावर तर ‘पावणं’ आणि खाली ‘पावणं दुसरं’ असं आहे. यातलं आपलं कुठलं, ते मला आज सांगता येत नाही.

मी म्हणालो, ही सगळी पावणं म्हणजे आपलंच पावणं धरायला हवं. अध्यक्षांनी वही स्वतःकडे ओढली, शांतपणे पानं उलटली. त्यांच्या आवाजात रागही नव्हता.

‘ह्यातलं कुठलं तुमचं आन् कुठलं वारणेचं, ते शपथेवर सांगा. माझ्या चुलत्याला तुम्हीच सांगितलं न्हवं, आठवणीवर काय चालायचं न्हाय म्हणून?’

सरांनी स्वतःच्या घरी जपलेले जुने ग्रुप फोटो बाहेर काढले. सहा-सात वर्षांच्या फोटोंत तो मागच्या रांगेत दिसत होता, बाकीच्यांत पाळीमुळे नव्हता. पण नियम सामन्यांचा होता, फोटोंचा नव्हता. सर माझ्याकडे बघत राहिले. तूच बांधलंस, आता तूच सोड, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. नियम मोडू या, असं एक वाक्य मला म्हणायचं होतं. मी पाणी प्यालो. मोडला असता तर चुलते परत आले असते, लिंबाचं ताटही आलं असतं, आणि मी तोंडावर पडलो असतो. यातलं शेवटचं कारण खरं, हे मला तेव्हाही कळत होतं.

माझे सामने शंभराच्या कितीतरी वर भरले. प्रत्येक पानावर माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मीच लिहिलेलं. माझा फोटो नको, असं मी दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही.

त्याला सांगायला मीच गेलो. तो दारात चप्पल शिवत बसला होता. फौंड्रीच्या धुरानं छाती धरलेली, चार वाक्यं बोलला की दम लागतो. मानाच्या भिंतीची बातमी कळल्यावर त्यानं आपण होऊन स्टुडिओत जाऊन फोटो काढून आणला होता. तालमीची जर्सी कुणाची तरी मागून घातलेली, गळ्याशी ढगळ, आणि केस पाणी लावून बसवलेले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तो फोटो त्यानं महिन्याभरापूर्वी माझ्या हातात दिला होता आणि बरा हाय का बघ, न्हायतर दुसरा काढतो, असं म्हणाला होता. बरा हाय, असं मीच म्हणालो होतो.

मी वहीचं सगळं सांगितलं. सांगताना त्याला पहिल्यांदाच तू म्हणालो. ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानं चप्पल खाली ठेवली.

‘जाऊदे मर्दा,’ तो म्हणाला. ‘पावण्याचा फोटू घरात कोण लावतंय?’ आणि तो हसला. हसता हसता त्याला खोकला आला तो थांबेना. आतून त्याच्या बायकोनं पाणी आणलं, मला चहा आणला. कप ठेवून बाई आत गेल्या. तो चहा मी कसा संपवला ते मला आठवत नाही.

उद्घाटनाला तो येणार नाही असं मी धरून चाललो होतो. तो आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून, जिन्यात दोनदा थांबत. मी धावत खाली गेलो, त्याचा दंड धरला आणि बरोबर वर चढलो. हॉलच्या दारात आत्ताच्या संघाचे मॅनेजर स्वागताला उभे होते. चाळिशीतले गृहस्थ, तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या पेठेतून आलेले. त्यांनी हात जोडले.

‘या पावणं, बसा पुढं.’

तो थांबला. त्याच्या तोंडावर जे आलं ते मी पूर्वी मैदानात बघितलेलं होतं, सामना जिंकल्यावरचं. त्यानं माझा हात घट्ट धरला.

‘बघ की, वळाखलं ह्यानं मला.’

मी काही बोलणार तेवढ्यात आमच्या मागून कुठल्याशा बँकेचे साहेब वर आले. मॅनेजरनी तसेच हात जोडले.

‘या पावणं, बसा पुढं.’

त्यांच्या मागून आणखी एक जोडपं आलं. त्यांनाही तेच. माझ्या हातावरची त्याची पकड सुटत गेली ती मला कळत होती. भिंतीकडे त्यानं बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात, दम खात विचारलं, ‘वहीत असंच लिवलंयस न्हवं तू?’

‘व्हय,’ मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, आणि पुढं जाऊन तो पावण्यांसाठी मांडलेल्या खुर्चीवर बसला.