विलासचं अर्धं वाक्य

विलास गेल्याला आज सहा आठवडे आणि दोन दिवस झाले. तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी हॉस्पिटलात त्याच्याजवळ होतो, आणि तो मला शिकवत होता.

बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या इमारतीत पाणी कधी येईल याचा नेम नसतो. खालच्या टाकीत पाणी आलं की बत्तीस घरांना मेसेज जाईल, असा प्रोग्राम विलासने आपल्या घरी हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर लावला होता. तो मागच्या मागे चालायचा, पडद्यावर काही दिसायचं नाही. सुरू होताना कॉम्प्युटर त्याला एक नंबर देई आणि प्रोग्राम सुरू करणारी विलासची स्क्रिप्ट तो नंबर छोट्या फाइलीत लिहून ठेवी. फाइलीतला नंबर चालू दिसला की ती प्रोग्राम पुन्हा सुरू करत नसे. नाहीतर सगळ्यांना दोनदोन मेसेज गेले असते. मला ही नोंद फार आवडायची. "अनंता, ही फाइल तुझ्यासारखीच कारकून आहे," तो म्हणायचा. "लिहिलंय ना, मग आहेच."

त्या संध्याकाळी धाप लागत असतानाही तो सांगत होता. लाइट गेली की प्रोग्राम मरतो, फाइल मात्र राहते, आणि तोच नंबर पुढे भलत्याच प्रोग्रामला मिळू शकतो. "नंबर जिवंत दिसला तरी आपलाच आहे का बघ. नसेल तर…" त्याला खोकला आला. मी म्हटलं, "पुरे आता. घरी आल्यावर सांग." तो घरी येणार नाही, हे डॉक्टरांनी मला दुपारीच सांगितलं होतं. तो "बरं" म्हणाला…

तेराव्यानंतर चार दिवसांनी लाइट गेली आणि मेसेज थांबले. मी स्क्रिप्ट चालवली, तर उत्तर आलं, 'आधीच चालू आहे.' बघितलं, तो नंबर दुसऱ्याच प्रोग्रामचा होता. मला येतं ते इथपर्यंतच. दुसऱ्या मजल्यावरचे शहाभाई म्हणतात, "फाइल डिलीट कर दो, दो मिनट का काम है." बरोबरही असेल. पण एवढंच सांगायला त्याने तो श्वास खर्च केला असेल का, ते मला कळत नाही. सध्या मीच दिवसातून चारदा टाकीचं झाकण उचलून बघतो आणि मेसेज टाकतो. उशीर होतोच.

काल विलासच्या घरी गेलो, तेव्हा वहिनी कॉम्प्युटरवरची धूळ पुसत होत्या. विलास पुढे काय म्हणणार होता, याची काही कल्पना आहे का, असं मी विचारलं.

"भाऊजी, मी ह्यांना म्हटलं होतं, मला सांगून ठेवा," त्या म्हणाल्या. "तर म्हणाले, तू विसरशील. अनंता लिहून घेईल."