साखळीचं टोक

हमीदचाचा ओढ्यात उतरताना चपला काढत. ओढा कोरडा ठणठणीत असला तरी. एकदा विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात चाललो, साहेब." मी दुष्काळाच्या साली हिंगोलीत आलेला नवखा भूमापक, मला ते खूळ वाटे. मोजणीच्या साखळीचं टोक चाचांनी धरायचं आणि आकडा मी लिहायचा. निजामाच्या काळापासून ते हेच करत आले होते आणि आता पार थकले होते.

ओढा लहानसाच. माळावरून यायचा, बाजारामागं वळसा घेऊन कयाधू नदीला मिळायचा. त्या वळणावर दुकानं बांधायची होती, म्हणून ओढ्याची रुंदी हवी होती. समोरच्या काठावर, करंजाच्या झाडांच्याही पलीकडे, चाचांचं मातीचं घर होतं.

जुना नकाशा उर्दूत. मला त्यातलं ओ की ठो कळेना. चाचा वाचून दाखवत. पण त्यांचा खरा भरवसा झाडांवर. "जिथवर करंज, तिथवर वढ्याची जागा," म्हणत टोक घेऊन ते थेट दूरच्या करंजाखाली जाऊन उभे राहिले. पाणी तिथवर येई याची खूण म्हणून मुळाशी खेकड्यांची जुनी बिळंही दाखवली.

मी त्यांना खाली बोलावलं. मधली घळ तेवढी मोजायची होती.

"वढा अंग चोरून निजला हाय, साहेब. आत्ता त्याचं माप काहून घेऊन राहिले?"

उन्हानं डोकं तापलं होतं, कागद संध्याकाळपर्यंत हवा होता. तिसऱ्यांदा मी ओरडलोच. चाचा मुकाट खाली आले, चपला काढल्या आणि मी दाखवलं तिथं टोक धरलं. मी आकडा लिहिला.

त्या आकड्यावरून पार घळीच्या काठापर्यंत दुकानं झाली, चाचा निवृत्त झाले. दोन पावसाळे निभावले. तिसऱ्या वर्षी भरदुपारी ओढा फुगला. इकडे दुकानांची भिंत, म्हणून सगळं पाणी करंज ओलांडून समोरच्या काठावर चढलं.

दुसऱ्या दिवशी गेलो. माणसं वाचली होती, घर नव्हतं. चाचा करंजाखाली ओली गोधडी पिळत होते. एकट्यानं पिळवत नव्हती. मी दुसरं टोक धरलं. चूक माझी, एवढंच कसंबसं बोललो. मला फार लाज वाटत होती.

"तुमी नुसतं लिव्हलं, साहेब," ते म्हणाले. "टोक तर मीच धरलं व्हतं."

मग त्यांनी दुसरी गोधडी उचलली आणि तिचं टोक माझ्या हातात दिलं.