जुनं दार उघडंच होतं

परवा सहज म्हणून माझ्या पहिल्या वेबसाइटचा पत्ता टाकून बघितला. हे पान सापडत नाही, असं उत्तर आलं. येणारच होतं. फुकट जागा देणारी ती परदेशातली कंपनीच उरली नाही, तर पान कुठून उरणार? तरी मला राग आला. ज्या पानांसाठी एका खंडेनवमीला मी माझा आणि आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जीव टांगणीला लावला होता, ती पानं अशी न सांगता निघून जावीत, याचा राग.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी बारामतीला एका कॉम्प्युटर क्लासला जायचे. क्लास खाली, सरांचं घर वर. चपला दारात काढून आत जायचं, हा नियम तिथं देवळापेक्षा कडक. मशीनला धूळ चालत नाही म्हणायचे. आम्ही इंदापूर रस्त्यानं एस.टी.नं येणाऱ्या पोरी केसांपासून भुवयांपर्यंत धुळीत माखलेल्या असायचो. नुसत्या चपला काढून काय साधत होतं कोण जाणे. पण ए.सी.च्या त्या गारव्यात, काळ्या पडद्यावर आपण टाइप केलेल्या ओळी उमटताना बघणं, याचं मला वेड लागलं होतं. प्रोग्रॅम चुकला की मशीन कितव्या ओळीत चूक आहे ते सांगायचं. घरात माझ्या चुका काढणारे चार जण होते, पण चूक नेमकी कुठं आहे हे सांगणारं मला तेवढं ते मशीनच भेटलं होतं.

मग इंटरनेट आलं. तेही सरांच्या टेबलावरच्या एकाच मशीनवर, पुण्याला फोन लावून. मी त्यावर माझी वेबसाइट केली. चैत्र ते फाल्गुन, महिन्याला एक पान. आमच्या भागात कुठल्या महिन्यात कुठली भाजी लावतात, कुठली निघते, एवढंच. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘पुढचा महिना’. त्यावर क्लिक केलं की पुढचं पान, आणि फाल्गुनातून परत चैत्रात. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या मशीनवर दिसतील याची तेव्हा खात्री नसायची, म्हणून महिन्यांची नावंसुद्धा मी चित्रं म्हणून काढली होती, माऊसनं, एकेक ठिपका टाकत. श्रावणातला दोडका काढायला मला आठवडा लागला. सर बघून म्हणाले, “काकडी छान आलीय.”

सरांच्याच ओळखीनं पुण्यातल्या एका कंपनीचे साहेब साइट बघायला तयार झाले. “दसऱ्याला सकाळी घरी निवांत असेन, तेव्हा बघतो. काम आवडलं तर दिवाळीनंतर रुजू हो,” असं त्यांनी फोनवर सांगितलं.

इकडं घरी बावड्याचं स्थळ आलेलं. मुलगा वाईट नव्हता. पण त्याच्या वडिलांनी पहिल्याच बैठकीत स्पष्ट केलं होतं, “आमच्याकडं सुना नोकरीला जात न्हायत.” मी दोन दिवस जेवले नाही. शेवटी आबांनी तोड काढली. “दसऱ्यापतुर थांबू. नोकरीचं झालं तर झालं. न्हायतर बावड्याला होकार कळवायचा. मग रडायचं न्हाय.” आबा एकदा बोलले की बोलले, हे मला माहीत होतं.

आणि नेमक्या त्या आठवड्यात परदेशातल्या कंपनीची ई-मेल आली. सगळ्यांचे पत्ते बदलत आहेत, पानं नव्या पत्त्यावर हलवा, जुने पत्ते अमुक तारखेला बंद होतील. ती तारीख दसऱ्याची. त्यांना बिचाऱ्यांना दसरा काय माहीत!

अष्टमीला मी सगळी पानं नव्या जागी चढवली. चैत्र उघडला. क्लिक केलं, वैशाख उघडला. मग ज्येष्ठ, आषाढ, थेट फाल्गुनापर्यंत जाऊन आले. सरांनी साहेबांना नवा पत्ता कळवला. मी इतक्या खुशीत घरी आले की वाटेत कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडायचंही विसरले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. आबांनी कळप मोडून बागायतीत भाजीपाला धरला आणि आम्ही कळंब गावातलं घर सोडून मळ्यात राहायला आलो. कळप गेला, पण लोकर कापायची आजोबांची कातर खंडेनवमीला पाटावर पहिली बसायची. मग विळे, खुरपी, मोटारीचे पाने, आणि अंगणात हार घातलेली आबांची मोटारसायकल. पुजलेल्या वस्तूला दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. विळीसुद्धा पुजलेली, म्हणून आई भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची.

बावड्याचे पाहुणे त्या दिवशी जेवायला येणार होते. ऊन कलायला लागलं तरी त्यांचा पत्ता नाही. आले ते वैतागलेले.

“अवो, आमी कवाच आलोय,” मुलाचे वडील म्हणाले. “कळंबातल्या घरात बसलो हुतो. दार उघडं, आत शेंगा वाळत घातलेल्या. त्या बाईंनी पाणी दिलं. आमाला वाटलं हेच तुमचं घर. बसलो वाट बघत.”

जुन्या घराची किल्ली शेजारच्या काकूंकडं असायची, त्या तिथं शेंगा वाळवायच्या. माझे चुलते, तात्या, हसायला लागले. “बरं आज आला. उद्या काकू माहेरी जाणार. उद्या आला असता तर कुलूप बघून माघारी फिरला असता.”

सगळे हसले. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मला एकदम माझी पानं आठवली.

प्रत्येक पानात ‘पुढचा महिना’ याच्यामागं मी पूर्ण पत्ता लिहिला होता. जुना पत्ता. पानं मी हलवली, पण पानांच्या आतले पत्ते तसेच राहिले. काल नव्या चैत्रावर क्लिक केल्यावर जो वैशाख उघडला, तो जुन्या घरातला वैशाख होता. तिथलं दार अजून उघडं होतं, म्हणून उघडला. मी मूर्ख, पाणी पिऊन खूश होऊन आले. उद्या सकाळी साहेब क्लिक करतील तेव्हा तिथं कुलूप असणार. चैत्राच्या पुढं वर्ष सरकणारच नाही.

मी आबांना खुणेनं गोठ्याकडं बोलावलं. मला रडू येत होतं आणि राग येत होता, दोन्ही एकदम. “आबा, ह्या पाहुण्यांचं झालं तेच माझ्या कामाचं झालंय. साहेब उद्या जुन्या घरी जाणार. आत्ताच्या आत्ता बारामतीला जायला पाहिजे.”

“आत्ता? पाहुणं पानावर बसायचं हायेत.”

“उद्या उपयोग नाही.”

आबांनी विचारलं, “एस.टी. कवा हाय?”

“सणाची काय सांगावी.”

ते अंगणात गेले. मोटारसायकलपुढं उभे राहिले. हाराकडं, हळदी-कुंकवाकडं बघत राहिले. मला वाटलं, संपलं. हा माणूस उपाशी राहील, पण रीत मोडणार नाही. तेवढ्यात त्यांनी गाडीला हात जोडले, हार काढला, तो तात्यांच्या हातात दिला आणि किक मारली.

“आमी जाऊन येतो. तुमी जेवून घ्या,” ते पाहुण्यांना म्हणाले.

“आज?” मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. “आसं काय काम निघालं?”

“पोरीचं हाय,” आबा म्हणाले. आईनं माझ्याकडं जे बघितलं ते मला अजून आठवतं.

लासुर्णे ओलांडून आम्ही बारामतीला पोचलो. क्लासला कुलूप. सर वरून खाली आले, माझं ऐकून त्यांचा चेहरा पडला. “अगं, पण आईनं सकाळी पूजा केलीय.” त्यांनी दार उघडलं. सहाही मशीनना झेंडूचे हार, पडद्यांवर कुंकवाची बोटं, आणि सरांच्या टेबलावर कीबोर्डच्या मधोमध नारळ. मागोमाग सरांच्या आई उतरल्या.

“आज मशीन चालू करायचं न्हाय,” त्या म्हणाल्या. “ह्याचं सगळं पोट ह्याच्यावर हाय. गेल्या साली ह्यानं दसऱ्यालाच चालू केलं, आन् दोन मशीनं जळाली.”

“ती विजेनं जळाली, आई,” सर पुटपुटले.

“वीज काय आपोआप येती व्हय?”

मला ओरडावंसं वाटलं. ओरडलेही असते. पण आबा पुढं झाले. त्यांनी चपला दारातच काढलेल्या होत्या.

“आक्का, आमी मेंढरं राखणारी मानसं. आमीबी आज कातर पुजतो. पुजली की हात लावत न्हाय. पण त्याच दिवशी मेंढराच्या अंगात काटा मोडला, लोकरीखाली दिसंना, तर माझा बाप पाया पडायचा आन् पुजलेली कातर उचलायचा. मेंढरू हाय म्हणून कातर हाय. मी बी आज पुजलेली गाडी घिऊन आलोय. माझ्या पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय.”

एवढं बोलून त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. 

सरांच्या आईंनी आधी आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांनी नारळ स्वतः उचलला, हार काढला, पदरानं कीबोर्डवरचे तांदूळ झटकले. “कर,” त्या म्हणाल्या. “पर लवकर कर.”

पानं दुरुस्त करणं अवघड नव्हतं. पूर्ण पत्ता खोडायचा, पुढच्या पानाचं नुसतं नाव ठेवायचं. पण ‘के’ची कळ कुंकवानं चिकटत होती. मग सरांनी पुण्याला फोन लावला. लाइन व्यस्त. परत लावला. मोडेम किंचाळला, जोडला गेला, आणि ज्येष्ठ चढत असतानाच तुटला. आबा कोपऱ्यात गालिच्यावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. 

भाद्रपद चढला आणि दिवे गेले.

यू.पी.एस. टुं टुं करायला लागला. “लवकर,” सर म्हणाले, “बॅटरी जुनी आहे.” सरांच्या आई दारात देवाचं नाव घेत होत्या, मी मनात त्यांच्या देवालाच शिव्या घालत होते. मार्गशीर्ष. पौष. माघ अडकला. पडद्यावरची पट्टी सरकता सरकेना. मग फाल्गुन.

आता तपासायचं कसं? जुनं दार तर अजूनही उघडंच होतं. पान उघडलं म्हणजे ते नव्या घरातलंच, असं कुठं होतं? तपासायचं तर वरच्या पट्टीतला पत्ता दर वेळी वाचायचा. मी क्लिक करत गेले, वाचत गेले. नवा. नवा. नवा. श्रावणाचं पान उघडल्यावर आबा मागं येऊन उभे राहिले. “काकडी व्हय ही?” त्यांनी विचारलं. मी पुढच्या महिन्यावर क्लिक केलं. फाल्गुनावरून क्लिक केलं, चैत्र उघडला. वरचा पत्ता नवा होता. त्यानंतर थोड्याच वेळात पडदा काळा झाला.

दसऱ्याला संध्याकाळी लासुर्ण्याच्या एस.टी.डी. बूथवर सरांचा निरोप आला. साहेब म्हणाले होते, चैत्रातून निघालो आणि सगळं वर्ष फिरून परत चैत्रात आलो. दिवाळीनंतर ये.

बावड्याला नकार सांगायला आबा स्वतः गेले. परत आले ते थेट वाफ्यात कामाला गेले. मी पुण्याला गेले, तेव्हाही निरोप द्यायला फाट्यापर्यंत आले नाहीत. मळ्याच्या बांधावरूनच वळले. पुढं कळलं की गावात कुणी विचारलं तर ते सांगायचे, “पावन्याकडं ऱ्हायला गेलीया.” मला हे फार लागलं. गाडीवरचा हार उतरवणाऱ्या माणसाला माझ्या नोकरीची लाज वाटावी? संक्रांतीला घरी जायचंच नाही, असं मी ठरवलं होतं. आईनं बोलावलं म्हणून गेले.

कळंबला उतरले, मळ्याकडं जाताना जुन्या घरावरून गेले. दाराला कुलूप होतं. आणि दारावर, उसाच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्याच्या हातची लाल-पिवळी अक्षरं होती: ‘आम्ही मळ्यात राहतो.’ शेजारी मळ्याच्या रस्त्याकडं वळलेला मोठा बाण. त्याच्याखाली, सगळ्या गावाला दिसेल अशी दुसरी ओळ: ‘मुलगी पुण्यात. कॉम्प्युटरची नोकरी.’

त्याच्यापुढं हातभर जागा कोरी सोडलेली होती.

मळ्यात पोचल्यावर मी आबांना विचारलं, ती जागा कशाला ठेवली. ते वांग्याच्या वाफ्यातून मान वर न करता म्हणाले, “तुझ्या खोलीचा पत्ता पक्का न्हवता म्हणून. आदी तर म्हणूनच पावन्याकडं गेलीया सांगायचो. झाला की सांग. आन् बदलला की परत सांग, रंगवून घीन.”